१४ वर्षांनी पुन्हा गिटार हातात घेतली, जॅझ-रॉक फ्यूजन परत जमेल का?

प्रश्न असा आहे: "वय ४६. विशी-तिशीत जॅझ-रॉक फ्यूजन वाजवायचो. नोकरी-संसारात १४ वर्षं गिटारला हात लावला नाही. आता परत सुरू केलंय, पण बोटं दगडासारखी झालीत, जुने तुकडे निम्म्या वेगातही निघत नाहीत. कुठून सुरुवात करू?"

मी तुमच्यापेक्षा दोन वर्षं जास्त लांब राहिलो. २००२ ला गिटार ठेवली ती २०१८ च्या मे महिन्यात बाहेर काढली. मध्ये टॉवेलचा धंदा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुण्यातला बँड, भाड्याची खोली सगळं आवरून मी घरी आलो. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. दर आठवड्याला कामगारांचा पगार वाटायचा असला की गिटार आपोआप माळ्यावर जाते.

माळ्यावर ती सेकंडच्या मालातल्या एका चादरीत गुंडाळलेली होती. (सोलापूरकर काहीही चादरीतच गुंडाळतो.) वाजवायला घेतली आणि दहा मिनिटांत डाव्या हाताची कड रक्ताळली. मला वाटलं, हात नाजूक झालेत. कारण वेगळंच होतं. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं, म्हणजे बोटं दाबतो त्या फळीचं लाकूड आकसतं, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, मात्र आहेत तेवढेच राहतात, त्यामुळे त्यांची टोकं कडेने बाहेर येतात. पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरचे सोळा उन्हाळे काढल्यावर दुसरं काय होणार? म्हणून स्वतःच्या बोटांना शिव्या घालण्याआधी गिटार दाखवून घ्या. मान वाकली असेल, तारा फळीपासून उंच गेल्या असतील, व्हॉल्यूमच्या बटणात खरखर असेल. माझी गिटार एका मोठ्या शहरातल्या दुकानाने दोन महिने ठेवून घेतली आणि फक्त तारा बदलून परत दिली. शेवटी इथल्याच एका पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांनी, पेटीचे सूर घासायच्या बारीक कानशीने, एका दुपारी सगळी टोकं गुळगुळीत करून दिली. चहाशिवाय काही घेतलं नाही.

बोटांचं फार मनावर घेऊ नका. घट्टे तीन-चार आठवड्यांत परत येतात. एका बैठकीत दोन तास वाजवण्यापेक्षा दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं बरी. मी पूर्वी ०.०११ इंचाच्या तारा लावायचो, आता ०.००९ च्या, बारीक आणि दाबायला हलक्या लावतो, आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. मनगटात कळ आली तर मात्र गिटार खाली ठेवायची. विशीत ती कळ रात्री झोपून जायची, आता आठवडाभर मुक्काम करते.

आता तुमच्या प्रश्नातला मला खटकलेला शब्द: 'जुने तुकडे'.

मीही तेच केलं. आमच्या बँडची १९९८ ची एक कॅसेट होती. तिच्यातला माझाच एक सोलो मी महिनाभर उतरवत बसलो. डोक्यात पॅट मार्टिनो होता. फिलाडेल्फियाचा हा जॅझ गिटारवादक, सत्तरच्या दशकात फ्यूजनकडेही वळलेला. १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची स्मृती गेली. मग स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड ऐकत तो गिटार पुन्हा शिकला आणि १९८७ मध्ये त्याचा अल्बम आला, नावच 'द रिटर्न'. म्हटलं, आपणही तसंच करू. फरक एवढाच की त्याच्या जुन्या रेकॉर्ड ऐकण्यासारख्या होत्या.

माझी कॅसेट पाच-सहा वेळा लक्षपूर्वक ऐकल्यावर कळलं की पोरगा वेगवान आहे, पण श्वास घेत नाही. चार मिनिटांत एक जागा मोकळी सोडलेली नाही. ड्रमर छान तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) बांधत आणतो आणि मी तिच्यावरून ट्रक घातल्यासारखा निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे, सात मात्रांच्या त्या चालीत दोनदा माझी सम चुकलीय आणि दोन्ही वेळा ड्रमरने गुपचूप एक मात्रा खाऊन मला सांभाळून घेतलंय. वीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता. ड्रमर आमच्या गल्लीतलाच, माझ्याबरोबर पुण्याला शिकायला गेलेला. लगेच फोन लावला. तो म्हणाला, "रोजचंच होतं की बे ते. आत्ता कळालंय व्हय तुला?"

ज्या वादकाकडे परत जायला मी धडपडत होतो, त्याला धड सातसुद्धा मोजता येत नव्हते.

त्या दिवशी कॅसेट ठेवून दिली आणि मोजण्यापासून सुरुवात केली. तुम्हालाही तेच सुचवेन, कारण त्याला बोटं लागत नाहीत. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढून नेहमीच्या चार मात्रांच्या बाहेरच्या चालींत रॉकच्या ताकदीने वाजवू लागला. पुढे 'शक्ती' या बँडमध्ये तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवाले विक्कू विनायकराम यांच्यासोबत बसला. त्याने खंजिरावादक सेल्वागणेशला बरोबर घेऊन कोनक्कोल शिकवणारी डीव्हीडीही काढली. कोनक्कोल म्हणजे कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणायची पद्धत. तीनला 'तकिट', चारला 'तकदिमि', दोनला 'तक', पाचला 'तदिगिनतोम'. हाताने टाळी सरळ चालू ठेवायची आणि तोंडाने हे गट बदलत राहायचे. सात मात्रा 'तकिट तक तक' म्हटल्या की आपल्या रूपकासारखी वाटणी होते, 'तकदिमि तकिट' म्हटल्या की त्याच सात मात्रा उलट्या पडल्यासारख्या वाटतात. सुरुवातीला पायच चुकतो. मी हे सात रस्त्यापासून एमआयडीसीपर्यंत स्कूटरवर करायचो. सिग्नलला शेजारचा माणूस बघायचा, बघू दे.

दोन महिने बोल पक्के झाल्यावर गिटारवर एकच तार, तीनच सूर घेतले आणि तेच गट वाजवले. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) प्रत्येक मात्रेला लावू नका, आवर्तनात एकदा, फक्त समेवर वाजू द्या. मधल्या मात्रा तुम्हाला स्वतः धराव्या लागतात आणि कुठे घसरता ते लगेच उघडं पडतं. वेग यातून हळूहळू आला. पूर्वीइतका नाही आला. पण आता सम माझी मी गाठतो.

बाहेरचे लोक शेडमध्ये आले की हमखास म्हणतात, मागाच्या खटखटाटात राहून ताल आपोआप येत असेल. मागातून ताल येत नाही, बहिरेपण येतं. शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि अशा गोंगाटाने कान जातात तेव्हा बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची ऐकण्याची ताकद कमी होते. गिटारच्या तारेवर पिक (तार छेडायची चकती) लागल्याचा जो कुरकुरीत आवाज असतो, तो त्याच पट्ट्यात येतो. मला तो कमी ऐकू यायचा म्हणून मी अॅम्पचं (अॅम्प्लिफायरचं) ट्रेबल, म्हणजे तीक्ष्ण आवाजाचं बटण, वाढवत राहिलो. माझ्याबरोबर आता वाजवणारा तबलजी दोन आठवडे सहन करून शेवटी म्हणाला, "गिटार वाजवायलास का पत्रा कापायलास?" कानाची तपासणी केली तर आलेखात नेमका तिथेच खड्डा. आता अॅम्पची बटणं तबलजी लावतो, मी त्यांना हात लावत नाही. तुमची नोकरी गोंगाटाची असेल, किंवा तरुणपणी ड्रमच्या शेजारी उभं राहण्यात गेली असेल, तर नवा अॅम्प घेण्याआधी कान तपासून घ्या. आणि सरावाला इअरप्लग घाला. हे मला २५ व्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, ते सोडा.

एकट्याने फार दिवस घासत बसू नका. 'तयार झालो की लोकांसमोर जाईन' म्हणत मी जवळपास एक वर्ष घालवलं, ते फुकट गेलं. सोलापुरात फ्यूजन वाजवणारे मिळणार कुठे, असं वाटायचं. फ्यूजनवाले खरंच मिळाले नाहीत. भजनात तबला वाजवणारा एकजण मिळाला, तोच हा तबलजी, आणि बँजो पार्टीत ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणारा एक पोरगा मिळाला. या पोराने मॅक्लॉफ्लिनचं नावही ऐकलं नव्हतं, पण लेझीमच्या डावांमागे वाजवून वाजवून त्याचा हात असा बसलाय की मी नऊची चाल दिली तर दुसऱ्या आवर्तनाला तो उचलतो. बासची बाजू सध्या कीबोर्डच्या डाव्या हातावर चालते.

सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, तेव्हा शेडमध्येच बसतो. गणपतीत ऑक्टापॅडवाला मिळत नाही, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत कुणीच मिळत नाही. बाकी चालू असतं. इकडे येणं झालं तर गिटार घेऊन या, शेंगाचटणी-कडक भाकरीची सोय माझ्याकडे. केबल मात्र स्वतःची आणा, आमच्या एकीला मागच्या महिन्यात उंदराने कुरतडलंय. आणि एप्रिल-मे टाळा, शेड पत्र्याची आहे.