अलीकडे पाहिलेले सुपरहिरो, ॲनिमेशन आणि ड्रामा सिनेमे तुम्हाला कसे वाटले? समीक्षकांसारखं नको, घरच्यासारखं सांगा

घरच्यासारखंच सांगते, दुसरं जमतही नाही. मी नाशिकला सिडकोत राहते, घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. मशीनशेजारी मोबाईल टेकवायला भाच्याने पुठ्ठ्याचा स्टँड करून दिलाय, निम्मे सिनेमे त्यावरच होतात. भाचा नववीत, शाळेसाठी आमच्याकडे राहतो. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यामुळे आमच्याकडे सिनेमा निवडणं म्हणजे एकाच कापडात तिघांचे कपडे बेतणं.

सुपरहिरोंपासून सुरू करते, कपड्यांचा विषय तिथेच जास्त निघतो. 2025 चा 'सुपरमॅन' जुलैत लागला तेव्हा भाच्याने हट्ट करून उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलला नेलं. मधल्या काही सिनेमांत सुपरमॅनची लाल चड्डी गायब होती, ती या वेळी परत आली. दिग्दर्शक जेम्स गनचं ठेवू की काढू असं चाललं होतं म्हणे. शेवटी डेव्हिड कोरेन्स्वेट, म्हणजे सुपरमॅन झालेला नट, त्याला म्हणाला की एवढ्या ताकदीच्या परग्रहावरच्या माणसाला बघून पोरांनी घाबरायला नको, असू दे ती. मला हे एकदम पटलं. झबल्यावर मी सशाचा नाहीतर बदकाचा तुकडा लावते तो याच हिशेबाने.

पण त्या सिनेमात मला सगळ्यात आवडला तो त्याच्या आईवडिलांचा फोन. साधी शेतावरची माणसं, दोघं एकदमच बोलतात, आणि एवढा मोठा पोरगा 'हो, हो' करत ऐकून घेतो. माझे वडील निफाडहून फोन करतात तेव्हा असंच असतं, फोन नसता तरी ऐकू आलं असतं. कुत्राही झकास. पुढे इमारती कोसळायला लागल्यावर मात्र मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीचे फॉल-पिको लावत बसले. आपल्या सेन्सॉरने त्यातलं 33 सेकंदांचं चुंबन कापल्याची बातमी आली होती. भाचा शेजारी बसलेला, म्हणजे मला ते सोयीचं व्हायला हवं. पण शिवणारीच्या डोळ्याला जोड लपत नाही. कापायचंच तर वरून नीट टीप तरी मारा.

यापेक्षा किती तरी जवळचा वाटला तो मल्याळी 'मिन्नल मुरली'. डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला होता, मी यंदा पाहिला. भाचा म्हणाला, "मामी, यातला हिरो टेलर आहे," तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली. केरळातलं छोटं गाव, जेसन नावाचा शिंपी, त्याला अमेरिकेला जायचंय, आणि अंगावर वीज पडते. मजा अशी की तीच वीज गावातल्या आणखी एकावर पडते, शिबूवर. ताकद दोघांना सारखीच. एकाला थोडी का होईना माणसं आहेत, दुसऱ्याला गावाने वेडा ठरवून बाजूला टाकलंय. टोविनो थॉमस चांगलाच आहे, पण शिबू झालेला गुरु सोमसुंदरम नुसता उभा राहिला तरी पोटात कालवतं. खलनायकासाठी डोळ्यांत पाणी आलं, असं माझं कधी झालं नव्हतं. सिनेमा अडीच तासांच्या पुढे जातो, मध्ये थोडा ढिला पडतो. पण कापड अस्सल आहे.

आणि एक जुना, भाच्यामुळे या वर्षी पुन्हा पाहिलेला: 2004 चा 'द इन्क्रेडिबल्स'. त्यातली एडना मोड नावाची बुटकी, चष्मेवाली बाई सुपरहिरोंचे कपडे शिवते, आणि तिचा एकच कायदा: केप, म्हणजे गळ्याशी बांधून पाठीवर सोडलेलं कापड, नको. कोणाची केप विमानाच्या इंजिनात ओढली गेली, कोणाची लिफ्टमध्ये अडकली, सगळी यादी तिला तोंडपाठ. हा आवाज दिग्दर्शक ब्रॅड बर्डने स्वतः दिलाय. ओढणीचं टोक गाडीच्या चाकात जाताना मी सिडकोत दोनदा पाहिलंय, त्यामुळे एडनाबाई मला गुरुस्थानी. स्नेहसंमेलनाला भाच्याला केप हवी होती. बरीच हुज्जत झाली. मी शिवली, पण गळ्याशी गाठीऐवजी चिटपुट बटणं लावली, ओढ बसली की सुटतील अशी.

'डेडपूल अँड वुल्व्हरिन' मी आणि मिस्टरांनी दोघांनीच पाहिला, तो मुलांचा नव्हेच. ओळखीचं कोणी नसलेल्या लग्नात गेल्यासारखं वाटलं. आजूबाजूचे हसत होते, आम्ही एकमेकांकडे बघत होतो. वुल्व्हरिनचा पिवळा ड्रेस तेवढा छान बेतला होता.

आता ॲनिमेशन. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा 2023 चा, भाच्याचा पाचव्यांदा, माझा पहिल्यांदा. मला वाटलं होतं कार्टून म्हणजे कार्टून. पण यात प्रत्येक माणसाचं कापड वेगळं! ग्वेन नावाच्या मुलीचं जग जलरंगातलं. ती रडवेली झाली की मागच्या भिंतींचे रंग ओघळतात. तो पंक पोरगा वर्तमानपत्राचे तुकडे डकवल्यासारखा, आणि त्याच्या हालचालींची लयही बाकीच्यांशी जुळत नाही. ते मुद्दामच तसं केलंय, हे भाच्याने समजावलं. आजीच्या गोधडीत नऊवारीचा काठ, धोतराचं मऊ कापड आणि शाळेच्या शर्टाचा बाही-तुकडा शेजारीशेजारी बसतात ना, अगदी तसं. आपल्याकडचा स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकरही आहे, त्याला धोतरासारखं काहीतरी नेसवलंय. 'चाय टी' म्हणणाऱ्याला तो झापतो तो प्रसंग सासूबाईंना मराठीत सांगावा लागला. तो समजल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे चहा चहा? येडाच आहे." एकच राग आहे. सिनेमा ऐन ठिकाणी थांबतो आणि पुढचा भाग पुढे कधीतरी. हुक-काजं न करता गिऱ्हाईकाच्या हातात ब्लाऊज द्यायचा आणि बाकीचं पुढच्या दिवाळीला म्हणायचं, असं मी केलं तर चालेल का?

'इन्साइड आउट 2' मध्ये तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एक नारंगी रंगाची काळजी येऊन सगळा कारभार हातात घेते. भाचा एरवी प्रत्येक वाक्यावर टिप्पणी करतो, या सिनेमाभर गप्प होता. मीही काही विचारलं नाही. रात्री त्याने आपणहून गणिताच्या क्लासचं सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

'महावतार नरसिंह' सासूबाईंचा. खांबातून नरसिंह निघाला तेव्हा त्यांनी सोफ्यावर बसूनच हात जोडले, त्यापुढे माझ्या मताला काय किंमत! तरी सांगते, उपरणी आणि धोतरं पत्र्याची असल्यासारखी ताठ वाटली, आणि शेवटची लढाई लांबली. आपल्याकडच्या ॲनिमेशनपटाला झालेली एवढी गर्दी बघून मला दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली, ते तर आपल्या त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे बहुतेक लोक वडापाव खाऊन परततात. या माणसाने 1915 मध्ये 'आगकाड्यांची मौज' म्हणून काडेपेटीतल्या काड्या हलताना दाखवल्या होत्या. एकेक काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. हातशिलाई कधी केली असेल त्याला हा धीर काय असतो ते कळेल.

पण ॲनिमेशनमध्ये माझा जीव जडला तो 'फ्लो'वर. लाटव्हिया नावाच्या छोट्याशा देशातला सिनेमा, गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाने केलेला. ब्लेंडर हे कोणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून केलाय, आणि 2025 मध्ये त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, त्या देशाचं पहिलं. संवाद एकही नाही. म्हणजे सासूबाईंना भाषांतर करून सांगायला नको, भाच्याला 'हळू बोला' म्हणायला नको, मला मशीनच्या आवाजात काही चुकायला नको. पण मशीन मी पहिल्या दहा मिनिटांतच बंद केलं.

गोष्ट एवढीच: एक काळी मांजर, आणि पाणी चढतंय. माणसं कुठेच नाहीत, त्यांची घरं, भांडी, पुतळे तेवढे उरलेत. पाणी चढत चढत येतं आणि मांजर एका भल्यामोठ्या मांजराच्याच पुतळ्यावर चढते. पुतळ्याचे पाय बुडाले, पोट बुडालं, आता फक्त डोकं. तेवढ्यात आमच्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, दुतोंड्याच्या डोक्यापर्यंत आलं!"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदावरीत रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, आणि पूर किती आला हे आम्ही फुटात किंवा क्युसेकमध्ये सांगत नाही. दुतोंड्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, असं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा आम्ही घरी बसून दर तासाला हेच विचारत होतो. कुठल्या टोकाच्या देशात बसलेल्या त्या मुलाने दुतोंड्या कशाला पाहिला असेल! आणि तरी सासूबाईंना ती मांजर कुठे उभी आहे हे बरोबर कळलं. नंतर ती एका होडीत येते, तिथे एक कापीबारा (भल्यामोठ्या उंदरासारखा प्राणी), एक कुत्रा, वस्तू गोळा करत बसणारा माकडासारखा एक लेमूर, एक मोठा पांढरा पक्षी. प्राणी प्राण्यांसारखेच वागतात, कोणी गाणं म्हणत नाही, कोणी उपदेश करत नाही. बारकाईने पाहिलं तर कुत्र्यांची केसाळ अंगं जरा रंगाचे फटकारे मारल्यासारखी आहेत, सफाई कमी. माझी तक्रार नाही. हाताने घातलेला टाका थोडा वाकडा असतोच.

ड्रामामध्ये दोन मराठी. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं', ज्याला अमेरिकेतल्या 2025 च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि लहानपणचा मित्र पुन्हा भेटतो. त्या दोघांचं प्रेम आहे. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. मला लक्षात राहिले ते सुतकाचे नियम: पायात चप्पल नको, हे खायचं नाही, ते नेसायचं नाही. रामकुंडावर रोज दशक्रियेची गर्दी बघणाऱ्या आम्हा लोकांना त्या दहा दिवसांत घरात काय चालतं हे सांगावं लागत नाही. नातेवाईक सांत्वनाला येतात आणि चहा संपायच्या आत लग्नाचा विषय काढतात, ते तर हुबेहूब. त्यातल्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती ज्या पद्धतीने ते सांभाळते, तिथे मी दोनदा मागे जाऊन पाहिलं. सासूबाईंना मात्र मी हा दाखवला नाही. का नाही, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा जयंत सोमलकरांचा 'स्थळ', मार्च 2025 मध्ये लागलेला. आम्ही भिशीच्या पाचजणी मिळून गेलो होतो. विदर्भातलं डोंगरगाव, कापूस, आणि सविता नावाची शिकणारी मुलगी. सुरुवातीलाच बायका बसल्यात आणि मुलाला मध्ये बसवून नाव, शिक्षण, उंची विचारतायत. थिएटरमध्ये काय हशा! पण ते स्वप्न निघतं. पुढे सविता तशीच बसते, आणि पुन्हा बसते, आणि पुन्हा. तेच पाहुणे वाटावेत असे वेगळे पाहुणे, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिसऱ्या वेळेपर्यंत आमच्या रांगेतलं हसणं थांबलं होतं. एक मैत्रीण हळूच म्हणाली, "मला अकरा जण बघून गेले होते." आम्ही पंधरा वर्षं एकत्र भिशी लावतो, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे 'बघायच्या कार्यक्रमा'चे ड्रेस नेहमी येतात. एका मुलीचा मोरपंखी ड्रेस मी दोन वर्षांत तीनदा केलाय. आधी शिवला, मग सैल केला, मग बाह्या लांब केल्या, कारण कोणीतरी काहीतरी बोललं होतं. दर वेळी मी हसत विचारायचे, "मग, कधी आहे कार्यक्रम?" परवा ती चौथ्यांदा आली. मी टेप काढली, माप घेतलं, आणि फक्त विचारलं की खिसा हवाय का. हवाय म्हणाली, मोबाईल मावेल एवढा.