अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा एकही उमेदवार पटत नसेल तर मत कसं द्यावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच नागरिकत्व मिळालंय, पहिलंच मतदान आहे, दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार नकोसे वाटतात, आणि इथे ‘नोटा’ आहे का.

नोटासारखा पर्याय फक्त नेवाडा राज्यात आहे, 1976 पासून. पण त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी निवडून येतो माणूसच. आपल्याकडे 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मतं घेऊन दुसरं आलं होतं, तरी आमदार व्हायचे ते झालेच.

आता माझं सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून मला माझं 2016 आठवलं. आम्ही मिशिगनमध्ये, ओकलंड काउंटीत राहतो. त्याच वर्षी मी नागरिकत्वाची शपथ घेतली होती. क्लिंटन आणि ट्रम्प, दोघांची भाषणं ऐकून जीव विटला होता. माझे धाकटे दीर कॅलिफोर्नियात असतात. त्यांचा रोज फोन. “वहिनी, मनाला पटत नसेल तर मत देऊच नका. निदान हात स्वच्छ राहतील.” त्यांनी स्वतः तिसऱ्या पक्षाला दिलं.

8 नोव्हेंबरला मी गेले. कागदी मतपत्रिका, पेनाने गोल भरायचे. राष्ट्राध्यक्षाचा रकाना मी कोरा सोडला. खालचं सगळं मात्र नीट भरलं: स्कूल बोर्ड, न्यायाधीश, आमच्याकडे विद्यापीठांची मंडळंसुद्धा लोक निवडतात, तीही. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. इथे बोटाला शाई लावत नाहीत, तरी ती म्हणाली, बोट दाखव. मग विचारलं, कुणाला दिलंस? मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. आईशी मी असं आधी कधी बोलले नव्हते.

मिशिगनचा निकाल पक्का व्हायला नोव्हेंबर संपत आला. सुमारे 48 लाख मतं आणि फरक 10,704. तेवढ्यावर राज्याची सोळाच्या सोळा इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष शेवटी ठरतो तो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या याच मतांवर) एका बाजूला गेली. राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा असलेल्या मतपत्रिका होत्या सुमारे 75 हजार. त्यातली एक माझी. कोण जिंकावं असं मला वाटत होतं ते इथे लिहीत नाही. निकाल उलटा लागला असता तरी मला हेच वाटलं असतं. निर्णय शेजाऱ्यांनी घेतला आणि मी तो त्यांना घेऊ दिला.

भावजी अजून म्हणतात, एका मताने काय फरक पडला असता? एका मताने नाही, मान्य. पण कॅलिफोर्नियात त्या वर्षी फरक 42 लाखांच्या वर होता. तिथे निषेधाचं मत देणं परवडतं. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्याला तोच सल्ला देणं मला बेजबाबदार वाटतं, आणि हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय. व्हर्जिनियात 2017 ला विधानसभेच्या एका जागेवर दोघांना अगदी सारखी मतं पडली, चिठ्ठी काढावी लागली, आणि त्या चिठ्ठीवर सभागृहातलं बहुमत ठरलं. त्या मतदारसंघात घरी बसलेल्या एखाद्याला विचारा एका मताचं.

म्हणून आधी तुमचं राज्य अटीतटीचं आहे का ते बघा. असेल तर उमेदवार आवडण्याची वाट बघू नका. तो सर्वोच्च न्यायालयासारख्या केंद्रीय न्यायालयांत न्यायाधीश कोणते नेमेल ते बघा, ते तहहयात बसतात. 2016 ला सर्वोच्च न्यायालयातली एक जागा फेब्रुवारीपासून रिकामी होती, आणि मी भाषणांवर वैतागत बसले होते. तुमच्या घराला भिडणारा एक प्रश्न घ्या आणि त्यावर दोघांतला कमी वाईट निवडा. 2020 आणि 2024 ला मी तेच केलं. दोन्ही वेळा आईला नाव सांगितलं.

राज्य एकतर्फी असेल तर तिसऱ्या पक्षाला खुशाल द्या, त्यात गैर काही नाही. मेन आणि नेब्रास्कात काही इलेक्टोरल मतं काँग्रेसच्या (संसदेच्या) मतदारसंघांनुसार वेगवेगळी मोजतात, तिथे राज्याऐवजी तुमचा मतदारसंघ बघा. आणि रागाने स्वतःच्या मनातलं नाव लिहून येणार असाल तर आधी नियम वाचा. मिशिगनमध्ये त्या माणसाने आधी रीतसर अर्ज भरलेला नसेल तर ते मत कुणाच्याच नावावर मोजत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने वडिलांचं नाव लिहिलं होतं. तिला हे पुढच्या वर्षी कळलं.