रेणू तोच, मग दोन चित्रांचा कोन का जुळत नाही?

प्रश्न : मी कोल्हापुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी पायमॉल या रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिमोग्लोबिनची ऑक्सिजनविरहित (४एचएचबी) आणि ऑक्सिजनयुक्त (१एचएचओ) चित्रं शेजारी शेजारी हवी आहेत. कोन जुळत नाही आणि लॅपटॉपवर झूम करताना रेणू मधूनच कापला जातो. काय चुकतंय?

उत्तर : कापला जाण्याचं कारण साधं आहे. पायमॉलमध्ये माउसच्या चाकाने झूम होत नाही, स्लॅबची, म्हणजे रेणूचा जेवढा थर दिसतो त्याची, जाडी बदलते. टचपॅडवर दोन बोटं सरकवणं म्हणजे तेच चाक. झूमसाठी उजवं बटण दाबून ओढा. कापलेला रेणू 'झूम' ही आज्ञा लिहिली की पूर्ण दिसतो.

कोनाचं मूळ मात्र फाइलींत आहे. दोन्हींचे निर्देशांक आपापल्या स्फटिकाच्या अक्षांवर मोजलेले असतात, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यातून ते वेगळे दिसणारच. शिवाय १एचएचओच्या मूळ फाइलीत हिमोग्लोबिनच्या चारपैकी दोनच प्रथिन-साखळ्या आहेत. पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहावरून तिची बायॉलॉजिकल असेंब्ली, म्हणजे चारही साखळ्यांची पूर्ण रचना, घ्या. तरी दोनच दिसल्या तर फाइलीतले सगळे भाग एकदम दाखवणारी 'ऑल स्टेट्स' ही सेटिंग चालू करा. मग 'अलाइन'ने ४एचएचबीची ए साखळी १एचएचओच्या ए साखळीवर बसवा. पूर्ण रेणूवर पूर्ण रेणू बसवू नका. ऑक्सिजन जोडला जाताना अल्फा-बीटा साखळ्यांची एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी वळते. सगळंच एकदम जुळवलं, की हा फरक दोन्ही बाजूंना वाटला जाऊन फिका पडतो. तुमच्या चित्रात तर तोच दिसायला हवा.

आता कोन ठरवा, पण 'टर्न'ने, 'रोटेट'ने नव्हे. भवानी मंडपाला वळसा घालून तुम्ही पलीकडे गेलात तरी मंडप जागचा हलत नाही. 'टर्न' तसा आहे, फक्त कॅमेरा फिरतो. 'रोटेट' अणूंचे निर्देशांकच फिरवतो, मग तो एकाच रेणूवर चालला तर केलेली जुळणी मोडते आणि 'रीसेट'नेही ती परत येत नाही.

कोन मनासारखा झाला की 'गेट_व्ह्यू' लिहा. १८ आकडे मिळतील : पहिले ९ फिरवण्याचे, पुढचे ३ कॅमेऱ्याच्या जागेचे, त्यापुढचे ३ ज्या बिंदूभोवती दृश्य फिरतं त्याचे, मग पुढच्या-मागच्या कापाची २ अंतरं आणि शेवटचा पर्स्पेक्टिव्हचा. ते 'सेट_व्ह्यू'सकट स्क्रिप्टमध्ये चिकटवा. एक रेणू लपवून पहिलं चित्र काढा, मग दुसरा लपवून दुसरं. मध्ये 'झूम' किंवा 'ओरिएंट' वापरलंत तर 'सेट_व्ह्यू' पुन्हा चालवा. दोन्ही वेळा अंतिम चित्र काढणाऱ्या 'रे' आज्ञेत 'रे १८००, १२००' असंच पिक्सेलांचं मोजमाप द्या. ३०० डीपीआयला ते ६ × ४ इंच छापलं जातं.