लंगोट विकून झाला की खरं काम सुरू होतं

गेली बारा वर्षं मी बाळांचे कापडी लंगोट शिवते आणि विकते. माझ्यासह चौघीजणी, तीन शिलाई मशीनं आणि एक ओव्हरलॉक, एवढाच पसारा. गेल्या अंकात या धंद्याबद्दल प्रश्न मागवले होते. भरपूर पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, मी नुकतीच सुरुवात केली आहे. ब्लीच न केलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडाचे जाड लंगोट शिवले. पहिल्या दहा गिऱ्हाइकांपैकी सहाजणींनी "ओलं शोषतच नाही, सगळं बाहेर येतं" म्हणून परत पाठवले. कापडवाल्यानं फसवलं का मला?

उत्तर : नाही हो. कापड कोरं आहे, म्हणून असं होतंय. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा आणि तेलाचा पातळ थर असतो. पांढऱ्याशुभ्र कापडातला तो थर गिरणीतच काढून टाकलेला असतो, तुमच्या कापडात तो शाबूत आहे. विणण्याआधी ताण्याच्या धाग्यांना लावलेली खळही असू शकते. कोऱ्या कापडावर चमचाभर पाणी टाकून बघा. थेंब गोल होऊन वर बसेल आणि कापड तिरपं केलंत तर घरंगळून खाली जाईल. तेच कापड साबणाच्या पावडरीत, गरम पाण्यात पाच-सहा वेळा धुऊन, वाळवून पुन्हा बघा. थेंब टेकतो न टेकतो तोच पसरतो, आणि बोट लावलं तर वरून कोरडं वाटतं. लंगोट खऱ्या अर्थानं तेव्हा तयार होतो. पुढच्या काही धुण्यांत शोषण्याची ताकद आणखी वाढते.

ही धुणी तुम्ही घालून द्यायची की गिऱ्हाइकानं घालायची, ते आधी ठरवा. मी स्वतः धुऊन देते. वेळ जातो, पाणी लागतं, पण नव्या आईला पहिल्याच दिवशी ओलं अंथरूण बघायला लागू नये असं मला वाटतं. तेवढं जमणार नसेल तर लंगोटाबरोबर एक कागद द्या आणि त्यावर ठळक अक्षरांत पहिलं वाक्य लिहा : 'वापरण्याआधी सहा वेळा धुवा.' माहितीच्या पुस्तिकेत आठव्या पानावर लिहिलेलं कुणी वाचत नाही. बाळाला उचलून घेतलेल्या बाईकडे एकच हात मोकळा असतो, हे धरून चाला.

दुसरी गोष्ट, कापड बेतण्याआधी आटवून घ्या. माझा पहिला चाळीस लंगोटांचा गठ्ठा मी तागा सोडून थेट कापला होता. बाहेरचं कापड जलरोधक, ते आटत नाही. आतले सुती पदर मात्र तिसऱ्या धुण्यात आखडले आणि लंगोट दोन्ही टोकांनी होडीसारखा वर वळला. बाळाच्या पोटाशी फट पडायची. चाळीसच्या चाळीस परत घेतले आणि उसवले. तेव्हापासून प्रत्येक नव्या ताग्यातून 50 सेंटिमीटरचा चौकोन कापते, कडेला ओव्हरलॉक मारते, तीनदा गरम पाण्यात धुते, वाळवते आणि उभा-आडवा दोन्हीकडून मोजते. एकाच कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा सारखा आटत नाही. विणलेल्या कापडापेक्षा होजिअरीचं कापड जास्त आटतं. मोजलेला आकडा ताग्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवते.

प्रश्न : मांडीजवळच्या शिवणीतून गळतं. कापड तर उत्तम जलरोधक आहे.

उत्तर : दोरा कुठला वापरता? सुती असेल तर तो वातीसारखा ओल ओढून बाहेर आणतो. पॉलिएस्टरचा दोरा घ्या. आणि जलरोधक कापडाला टाचण्या टोचू नका, प्रत्येक भोक कायमचं राहतं. मी कपड्याला लावायच्या छोट्या चिमट्यांनी पदर धरून शिवते. सुई बारीक, गोल टोकाची. चुकलेली टीप उसवून त्याच जागी पुन्हा मारली की तिथून हमखास पाझरतं. तो तुकडा मी बाजूला काढते.

प्रश्न : आमच्या लंगोटात बांबूच्या कापडाचे पदर आहेत आणि बाहेरून पीयूएल. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापलं तर चालेल का? सगळेच छापतात.

उत्तर : छापू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्या धंद्यात 'नैसर्गिक' या एका शब्दावर विश्वास टाकून लोक पैसे मोजतात.

आधी बाहेरचं बघू. पीयूएल म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पापुद्रा. ते उपयोगी आहे, मीही वापरते, पण नैसर्गिक नाही. आता बांबू. बाजारात 'बांबूचं कापड' म्हणून जे मऊ, चमकदार कापड मिळतं ते बहुतेक सगळं व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि आम्लाच्या पाण्यात त्याचा पुन्हा धागा बनवतात. बांबू कच्चा माल झाला, कापड नव्हे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं 2009 मध्ये याच कारणावरून काही विक्रेत्यांवर कारवाई केली आणि 2010 मध्ये 78 किरकोळ विक्रेत्यांना ताकीद दिली : लेबलावर 'रेयॉन' लिहा (व्हिस्कोस हा रेयॉनचाच प्रकार), नुसतं 'बांबू' नको. तुम्ही 'बांबूपासून बनवलेलं व्हिस्कोस' असं लिहिलंत तर गिऱ्हाईक तुटत नाही. माझं तर तुटलं नाही.

खरोखर नैसर्गिक हवं असेल तर आतून सुती किंवा हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या खोडापासूनचा धागा) आणि बाहेरून लोकरीचं कव्हर, अशी जोडी करता येते. हेम्प सुतापेक्षा जास्त धरतो, पण सावकाश ओढतो, म्हणून तो खालच्या पदरात आणि त्याच्यावर सुती. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा आत घेऊनही हाताला ओली लागत नाही. तिच्या अंगचं मेण, म्हणजे लॅनोलिन, पाणी बाहेर येऊ देत नाही. ते धुण्यात कमी होत जातं, म्हणून अधूनमधून लॅनोलिनच्या कोमट पाण्यात कव्हर भिजवून सपाट वाळवावं लागतं. हे गिऱ्हाइकाला करून दाखवल्याशिवाय लोकरीचं कव्हर मी हातात देत नाही. एकीनं ते गरम पाण्यात मशीनला लावलं होतं. बाळाचं कव्हर बाहुलीच्या मापाचं होऊन परत आलं. चूक माझीच, मी फक्त 'हाताने धुवा' एवढंच लिहिलं होतं, 'का' ते लिहिलं नव्हतं.

अजून एक. तुम्ही घेतलेल्या सेंद्रिय सुती कापडाला गॉट्सचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं, प्रमाणपत्र असलं म्हणून तुमच्या लंगोटावर त्यांचं चिन्ह लावता येत नाही. शिवणारी जागाही प्रमाणित असावी लागते. 'प्रमाणित सेंद्रिय सुती कापडापासून शिवलेले' असं लिहायचं असलं तरी आधी त्यांचे नियम वाचा आणि कापडाच्या खरेदीचे कागद जपून ठेवा.

प्रश्न : लंगोटाची किंमत कशी ठरवायची? कापड आणि शिलाई धरून थोडा नफा ठेवते, तरी वर्षअखेरीस हातात काही उरत नाही.

उत्तर : तुमच्या हिशेबात तुमचा वेळ नाही. घड्याळ लावून बसा. मी एका लंगोटाचा वेळ मोजला तेव्हा सगळे मिळून 38 मिनिटं भरली आणि त्यातली प्रत्यक्ष शिवण्याची फक्त 17. बाकीची कापड आटवणं, बेतणं, टिचबटणं बसवणं, दोरे कापणं, तपासणं, धुणं आणि घडी घालून बांधणं यात गेली. मी तोवर 17 मिनिटांचेच पैसे लावत होते.

त्यात विक्रीनंतरचे फोन आणखी वेगळे. मी तीन महिने वहीत लिहून ठेवलं. एका नव्या गिऱ्हाइकामागे साधारण पाऊण तास बोलण्यात जातो आणि निम्म्याहून जास्त प्रश्न धुण्याचे असतात. तो वेळही किमतीत धरा. शेजारची दुकानं स्वस्तात विकतात म्हणून तो सोडून देऊ नका, कारण हा पाऊण तास दिला नाही तर लंगोट दोन आठवड्यांत कपाटाच्या तळाशी जातो आणि ते घर पुन्हा आपल्याकडे येत नाही. चोवीसचा संच एकदम घ्यायला लावू नका. लहान बाळाला दिवसाला दहा-बारा बदलावे लागतात आणि दिवसाआड धुतलं तर चोवीस लागतात, हे गणित खरं आहे. तरी मी आधी तीन देते. तीन धुऊन जमले की माणूस स्वतःहून येतो.

प्रश्न : गिऱ्हाइकांची एकच तक्रार, सकाळी लंगोटाला डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. कापड बदलावं का?

उत्तर : कापड तेच राहू द्या. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि रात्रभरात त्यांना भरपूर वेळ मिळतो. सकाळी काढला की लगेच नुसत्या पाण्यातून दोनदा पिळून टाकायचा, धुणं मग सवडीनं. तरीही वास राहत असेल तर विचारा : पावडर किती घालता? बहुतेकजणी 'बाळाचं आहे' म्हणून चिमूटभर घालतात आणि मळ आत साठत जातो. पाणी जड असेल तर साबणाच्या वडीचा कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर चिकट साका होऊन तंतूंवर बसतो. तिथे डिटर्जंट पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा बरा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, त्याचा थर बसला की पाणी पुन्हा कोऱ्या कापडावरच्यासारखं घरंगळतं. झिंकच्या क्रीमचंही तेच. क्रीम लावायचं असेल तर मध्ये पातळ कापडाचा तुकडा टाकायला सांगा.

डाग मात्र उन्हावर सोडा. ओलाच पसरायचा. पिवळा डाग दुपारपर्यंत फिका पडतो, मी आजही प्रत्येक वेळी उचलून बघते.

प्रश्न : एका बाळाला पुरळ उठलं. आई म्हणते तुमच्या लंगोटामुळे. काय उत्तर देऊ?

उत्तर : आधी सांगा, डॉक्टरांना दाखवा. घड्यांमध्ये लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुळ्या असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर फोनवरून उपाय सांगणं आपलं काम नाही. वाद घालू नका, पैसे परत करा. नंतर शांतपणे विचारा, किती तासांनी बदलत होता आणि कशानं धुतलं. हेही सांगून ठेवते : टिचबटण सुटून बाळाच्या तोंडात जाणं हा याहून मोठा धोका आहे. युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांचे भाग 90 न्यूटनचा ओढ देऊन तपासतात, म्हणजे साधारण 9 किलोचं वजन टांगल्यासारखं. मी प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन लंगोटांच्या टिचबटणांना 9 किलोची पिशवी टांगते. एकही निघालं तर सगळा गठ्ठा पुन्हा तपासते.

प्रश्न : 'पृथ्वी वाचवा, कापडी वापरा' अशी जाहिरात करावी का? आणि जुने लंगोट परत घेऊन पुन्हा विकले तर नव्यांचा खप पडेल का?

उत्तर : दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात आहेत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2008 मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला. टाकाऊ डायपरचा भार सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतका आला आणि कापडीचा सरासरी 570. वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती. पण त्याच अहवालात पुढे होतं की मशीन भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडीचा भार सुमारे 40 टक्क्यांनी, म्हणजे 200 किलोनं उतरतो. 2023 च्या ब्रिटिश सरकारी अभ्यासात कापडीचा भार टाकाऊपेक्षा सुमारे 25 टक्के कमी निघाला. म्हणून मी घोषणा छापत नाही. धुण्याच्या कागदावरच लिहिते : मशीन पूर्ण भरा, 60 अंशांच्या वर जाऊ नका, दोरीवर वाळवा, झाल्यावर दुसऱ्याला द्या.

आणि हो, परत घ्या. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या लंगोटांत सुती पदर बहुधा ठणठणीत असतात. गेलेलं असतं ते इलॅस्टिक. मांडीजवळच्या बोगद्याला आतून बोटभर उसवायचं, जुनं इलॅस्टिक नव्या पट्टीला टाचून ओढून घ्यायचं, दोन्ही टोकांना टीप, फट बंद. सात मिनिटं. खप पडला नाही. जुने घेणाऱ्या बऱ्याचजणी पुढे नवेही घेतात. गेल्या महिन्यात माझ्या दुसऱ्या वर्षातला एक लंगोट परत आला, तिसऱ्या बाळाचा वापरून झालेला. शिवणीवरून ओळखला, तेव्हा मी टीप जरा रुंद मारायची. इलॅस्टिक बदललं, टिचबटणांना पिशवी टांगून बघितली, आणि काल तो चौथ्या घरी गेला.