साखर असेल तर नुसत्या टी-स्कोअरवर विसंबू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ५७, पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, मधुमेह दहा वर्षांचा. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे ०.६ आणि खुब्याचा उणे १.७. जेवण कमी करून आणि रोज चालून वर्षभरात नऊ किलो वजन उतरवलंत. घरचे म्हणतात, जाड बायकांची हाडं मजबूतच असतात, रिपोर्टही बरा आहे, तेव्हा कॅल्शियमची गोळी घे आणि विषय सोड. मला विषय सोडण्यासारखा वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. मधुमेह मलाही आहे आणि जुना आहे. साठीच्या आत माझं मनगट मोडलं, तेव्हा माझा खुब्याचा आकडा तुमच्यापेक्षा चांगला होता. तेव्हापासून हाडांच्या आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारत, वाचत आले आहे.

टी-स्कोअर उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. हा आकडा हाडात खनिज किती आहे एवढंच सांगतो. हाडाचा कस त्यात दिसत नाही. टाइप २ मधुमेहात बरेचदा घनता चांगली येते, कधी बरोबरीच्या बायकांपेक्षा जास्तही येते, आणि तरी हाडं मोडतात. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये हे तपासलं गेलं. एकाच वयाच्या, सारखाच टी-स्कोअर असलेल्या दोन बायकांमध्ये मधुमेह असलेलीला खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका जास्त निघाला. फरक साधारण अर्ध्या अंकाचा. म्हणजे तुमचा उणे १.७ हा उणे २.२ असल्यासारखा धरून चाला.

असं का होतं? तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीच्या तपासणीत आपण हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतो. तीच साखर हाडातल्या कोलॅजेनलाही, म्हणजे हाडाला लवचीक ठेवणाऱ्या प्रथिनालाही, चिकटते. रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवसांत बदलते, हाडातलं कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं, आणि मधुमेहात हाडाचं नूतनीकरणही मंदावतं. साखरेने जखडलेल्या कोलॅजेनची लवचीकता जाते. ओली फांदी वाकते, वाळकी काडकन मोडते, तसं हे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की हाड झिजवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि पहिल्या काही वर्षांत झीज सगळ्यात वेगाने होते, हे तुम्ही वाचलं असेलच. त्याच काळात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि इन्सुलिनचं काम बिघडत जातं. पोटातली ही चरबी दाह वाढवणारे पदार्थ सोडते, आणि ते हाडालाही बाधतात. वजनाच्या भाराने हाडं बळकट होतात हे खरं, पण ते वजन पोटाचं असेल तर त्यातला बराच फायदा वाया जातो. घरचे म्हणतात त्यात अर्धंच तथ्य आहे.

तुमच्या मणक्यांच्या उणे ०.६ ने तर अजिबात हुरळून जाऊ नका. या वयात मणक्यांना संधिवाताच्या गाठी येतात, त्या स्कॅनमध्ये हाड म्हणूनच मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. तुमचा खुबा जास्त खरं सांगतोय. सोसायटीतल्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून जी हाडांची तपासणी करतात, तिला डेक्साची जागा देऊ नका.

आता वजनाकडे येते, कारण मला खरी काळजी तिथे वाटली. नऊ किलो उतरवणं सोपं नाही, साखरेला त्याचा मोठा फायदा होतो. पण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जातं. २०१७ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लठ्ठ स्त्री-पुरुषांवर सहा महिन्यांचा एक अभ्यास झाला. आहार कमी करून फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांची खुब्याची घनता सुमारे ३ टक्के घटली. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांची घट जेमतेम अर्धा टक्का होती, आणि दोन्ही करणाऱ्यांची एक टक्का. तुम्ही वर्षभर पहिल्या गटातलं केलंत. चालणं सोडू नका, पण त्याने हाड वाढेल ही आशाही ठेवू नका.

ऑस्ट्रेलियात याच्याही पुढे गेले. हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून जरा जास्त घटली. आपल्याकडे साठीच्या बाईला कुणी बादलीसुद्धा उचलू देत नाही, आणि हाडाला नेमका भारच हवा असतो.

तरी उद्याच जिममध्ये जाऊन मोठं वजन उचलू नका. मधुमेह दहा वर्षांचा आहे, म्हणून आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर जोर लावून वजन उचलणं धोक्याचं असतं. मग फिजिओथेरपिस्टकडे जा. सुरुवात हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याने, भिंतीवर हात टेकून जोर काढण्याने, ओट्याला धरून टाचा वर करण्याने होते. पुढे वजन वाढत जायला हवं, महिनोन् महिने अर्ध्या लिटरच्या बाटल्या हलवून काही होत नाही. योगवर्गाला जात असाल तर पाठ गोल करून पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन, हलासन वगैरे, सध्या थांबवा आणि शिक्षकांना कारण सांगा. विरळ झालेले मणके तशा वाकण्यात दबू शकतात.

कॅल्शियमची गोळी लागेलच असं नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, मोठा चमचाभर तिळात शंभर. दही-ताक आहेच. नाचणीची भाकरी खा, पातळ आंबील मात्र साखर पटकन चढवतं. एवढं करूनही जे कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्या, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच. वर्षानुवर्षं दर रविवारी घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

आपण खरं कमी पडतो ते प्रथिनांत. पोळी, भाजी, भात आणि वर पातळ वरण, यातून स्नायू टिकत नाहीत. प्रत्येक जेवणात घट्ट डाळ, उसळ, पनीर, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी हवंच. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.) उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दही घेतलंत तर साखर आणि हाडं दोघांचंही भलं.

तुमच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. चिठ्ठीत पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध आहे का बघा. आपल्याकडे ते मिश्र गोळ्यांमध्येही असतं, आणि बायकांमध्ये त्याने फ्रॅक्चर वाढतात हे पक्कं दिसलेलं आहे. मनाने बंद करू नका, पण खुब्याचा आकडा दाखवून पर्याय विचारा. रात्री साखर उतरून घाम येणं, चक्कर येणं असं होत असेल तर तेही सांगा. पायांना मुंग्या, रात्री लघवीला उठणं आणि बाथरूमची ओली लादी, एवढ्यावरच खुबा मोडतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासा, ते कमी झालं की पायांची जाणीव आणखी कमी होते.

डॉक्टर फ्रॅक्सवर, म्हणजे फ्रॅक्चरच्या शक्यतेचा अंदाज देणाऱ्या तक्त्यावर, धोका मोजतील. त्याच्या मूळ तक्त्यात टाइप २ मधुमेहाला जागा नाही, म्हणून काही तज्ज्ञ संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रकान्यात खूण करून अंदाज घेतात. तसं करून बघता येईल का, हे विचारायला संकोचू नका. हाडांचं औषध सुरू झालंच आणि त्यात सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल, तर ते परस्पर बंद करू नका किंवा लांबवू नका, त्याने मणके एकापाठोपाठ एक दबल्याची उदाहरणं आहेत.

भिंतीला पाठ लावून उंची मोजून घ्या. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली तर पाठ दुखत नसली तरी मणक्यांचा एक्स-रे काढा, कारण दबलेले मणके बरेचदा दुखतच नाहीत. पुढची डेक्सा त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.