वाचकांचे प्रश्न : नदी नव्हे, पाट धरा

प्रश्न : आम्ही नवराबायको, दोघेही पन्नाशी ओलांडलेले. रोज तीसेक किलोमीटर सायकल चालवतो, पण धुळे रस्त्यावरच्या ट्रकांचा वैताग आलाय. फ्रान्समध्ये नदीकाठाने गाड्यांशिवायच्या खडीच्या वाटा आहेत म्हणतात. पहिल्यांदा जायचे तर कुठली वाट धरावी? – अमळनेर

उत्तर : मायेन नदीची. पश्चिम फ्रान्समध्ये मायेन या गावापासून लावाल आणि शातो-गोन्तिए करत दाओंपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची वाट पाण्याच्या अगदी कडेने जाते. एके काळी मालाच्या होड्या काठावरून दोराने ओढल्या जायच्या, त्यासाठी बांधलेली ही वाट. त्यामुळे चढ नावालाच. जिथे पाण्याची पातळी बदलण्यासाठी लॉक बांधले आहे, तिथे वाट मीटर-दोन मीटर खाली उतरते, एवढेच. वरून खाली, म्हणजे मायेनहून दाओंकडे जा. वाटेवर बारीक दाबलेली खडी आहे. तुमच्या सवयीला हे अंतर तीन दिवसांचे, आणि तीनच दिवस ठेवा. घाईने दोन दिवसांत उरकण्यासारखी ही जागा नाही.

तिथे ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणून जाहीर झालेल्या वाटेवर मोटारींना कायद्यानेच बंदी असते. चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांचीच ती वाट. घोडा दिसला की वेग कमी करा, दुरूनच आवाज द्या, आणि मागून एकदम जवळ जाऊ नका.

ल्वार नदीचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग जास्त गाजलेला आहे. पण त्याचे बरेच तुकडे गाड्या चालणाऱ्या छोट्या रस्त्यांवरून जातात. तुमची अट ‘गाड्या नकोत’ ही असेल तर तो दुसऱ्या खेपेला ठेवा. दक्षिणेतला कॅनॉल द्यु मिदी २४० किलोमीटरचा, १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला. तुलूजपासून पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे, त्यापुढे माती आणि झाडांच्या उघड्या मुळ्या. पाऊस झाला की तिथे चिखल होतो आणि मुळ्यांवरून चाक सरकते. नवख्याने सुरुवात तिथून करू नये.

मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो.

प्रश्न : असा सराव इथे तापीकाठी करता येईल का? नकाशात नदीच्या कडेला बारीक वाटा दिसतात, पण प्रत्यक्षात प्रत्येक वाट मध्येच संपते. – चोपडा

उत्तर : संपणारच. तापीचा काठ खोल गाळाचा आहे. पावसाच्या पाण्याने त्यात नाले आणि घळी चिरल्या गेल्या आहेत. नकाशावर सरळ दिसणारी वाट दर थोड्या अंतरावर घळीत उतरते आणि समोरची दरड सायकल खांद्यावर घेऊनच चढावी लागते. शिवाय तापीत होड्या ओढायची वाट कधी बांधलीच गेली नाही. फ्रान्ससारखी सपाट, पाण्याला धरून जाणारी वाट हवी असेल तर नदी सोडा आणि पाट धरा. पाणी उताराने हळूहळू वाहावे म्हणून कालवा जमिनीची पातळी धरून काढलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडेचा सेवारस्ताही तसाच सपाट मिळतो. तुमच्याकडे हतनूर धरणाचा उजवा कालवा आहे. चाळीसगावकडच्यांना गिरणेचे जामदा कालवे. साक्री-धुळ्याकडे पांझरेवरच्या फड बागायतीचे जुने पाट मात्र अरुंद, सायकलला जागा नाही. पण ती व्यवस्था एकदा पायी फिरून जरूर पाहा, इतकी शहाणी पाणीवाटणी क्वचितच दिसते.

सेवारस्ता पाटबंधारे खात्याचा असतो. म्हणून आधी त्या भागातल्या पाटकऱ्याला विचारा. आवर्तन सुरू आहे की नाही तेही तोच सांगेल, आणि कुठे भराव खचला आहे तेही. आवर्तन चालू असताना बाटली भरायला अस्तरावर उतरू नका. शेवाळावर पाय सरकला तर त्या उतारावरून वर येणे पोहता येणाऱ्यालाही कठीण जाते.

काळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. अवकाळी पाऊस पडला तर काळ्या जमिनीवर दोन-तीन दिवस जाऊ नका. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटते आणि फ्रेमच्या फटीत दगडासारखी बसते. अशा वेळी जोर लावून पॅडल मारले की मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. उतरा, काडीने चिखल काढा, सायकल उचलून मुरमाच्या पट्ट्यावर आणा. सायकल घेतानाच टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मिलीमीटर मोकळी जागा आहे ना, ते बघा.

कापूस वेचून झाला की वाटेवर पऱ्हाटीचे तुकडे पडलेले असतात. एखादा चेनमध्ये गेल्याचा कडकड आवाज आला तर लगेच थांबा आणि पॅडल उलटे फिरवून तुकडा काढा. आणखी दोन पावले पुढे गेलात तर गिअर स्पोकमध्ये जातो. वाटेवर आडव्या टाकलेल्या ठिबकच्या नळ्या सरळ काटकोनात ओलांडा. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, सूर्य मावळायच्या बराच आधी गावात पोहोचा.

प्रश्न : ट्यूबलेस टायर बसवले, तरी बाभळीच्या काट्याने हवा जातेच. सीलंटमध्ये दोष आहे का? – जळगाव

उत्तर : बहुतेक वेळा सीलंट, म्हणजे टायरमध्ये घातलेले भोक बुजवणारे द्रव, वाळलेले असते. लॅटेक्सच्या सीलंटमधले पाणी टायरमधून हळूहळू उडते, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सायकलीत जळगावच्या उन्हाळ्यात ते फार लवकर होते. ४० मिलीमीटर रुंदीच्या टायरला प्रत्येकी ८० ते ९० मिलीलीटर घाला. हिवाळ्यात दोन महिन्यांनी, एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला तपासा. चाक कानाशी धरून हलवा. पाण्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढून ३० ते ४० मिलीलीटर वाढवा. त्याआधी व्हॉल्व्ह तळाला नाही, बाजूला आणा, नाहीतर उरलेले सीलंट बाहेर येते. तो गाभाच चिकटून बंद झाला असेल तर बदलून टाका. फार स्वस्त वस्तू आहे, जादा दोन जवळ ठेवा.

काटा रुतला तर उपटून टाका, भोक जमिनीच्या बाजूला आणा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंट तिथे साचून भोक बुजते. वेड्या बाभळीचा लांब काटा तसाच ठेवून चालत राहिलात तर तो आत जाऊन रिमची टेपही फोडतो, आणि मग हवा स्पोकच्या भोकांतून जाते. बाहेरून कितीही शोधा, सापडत नाही. भोक मोठे असेल तर रबरी प्लग घाला.

एक गोष्ट सगळे विसरतात. शेवटचा उपाय म्हणून ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून फडके फिरवा, बोट नाही. ट्यूबलेस टायर महिनोन् महिने काटे पोटात घेऊन फिरतो. त्यातला एक राहिला तरी नवी ट्यूब दोन मिनिटांत गेलीच.

हवेबद्दल : ७५ किलोच्या माणसाला ४० मिलीमीटरच्या टायरमध्ये पुढे ३२, मागे ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. ५० पीएसआय भरलेत तर खडीवर चाक उसळत राहते आणि हात बधिर होतात.

प्रश्न : फ्रान्सला सायकल विमानाने कशी न्यावी? ई-सायकल चालेल का? – धुळे

उत्तर : ई-सायकलची बॅटरी चालणार नाही. १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, आणि ई-सायकलची त्याच्या कितीतरी पुढे असते. ई-सायकल तिकडेच भाड्याने घ्या.

साध्या सायकलसाठी दुकानातून नव्या सायकलचा पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या. पॅडल काढताना डावे पॅडल उलट्या आट्याचे असते हे ध्यानात ठेवा. मागचा गिअर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा. नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक बसत नाही. जादा हँगर सोबत न्या, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि परगावी मिळत नाही. खोक्याची मापे आणि वजन विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. फ्रान्सच्या खेड्यात खायला काय मिळेल? – नंदुरबार

उत्तर : ब्रेड, प्राणिजन्य रेनेट नसलेले चीज, फळे, टोमॅटो, सुकामेवा. खेड्यातली दुकाने दुपारी बारा ते दोनच्या सुमारास बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही काही उघडे नसते, म्हणून शनिवारीच दोन दिवसांची खरेदी करा. सूप मागवाल तर आत मांसाचे पाणी आहे का, ते विचारा. पाण्याची अडचण नाही. गावातल्या दफनभूमीच्या आवारात नळ असतो आणि तिकडचे सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात. फक्त ‘नों पोताब्ल’ (पिण्याजोगे नाही) अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.