वाचकांचे प्रश्न : विरजण शेजारून, दही घरचं

प्रश्न : आम्ही कराडचे चौघे, बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून 64 बिट पीसीसाठी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा), फाइल सिस्टिम, साधा शेल एवढं चालतं. सगळं उबुंटू लिनक्सवर क्रॉस कंपाइल करून (म्हणजे आमच्या सिस्टिमसाठीचा कोड तिथं काढून) डिस्कच्या इमेजमध्ये टाकतो. आता सर म्हणतात, तुमच्या सिस्टिमवर बसून तिथल्या तिथं सी प्रोग्राम कंपाइल करून दाखवा. जीसीसी हा कंपायलर कॉन्फिगर करायला घेतला, तर आमच्या सिस्टिमचं नावच ओळखत नाही. सबमिशनला अडीच महिने आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : नावाचं दुखणं किरकोळ आहे. बिनयूटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरेंचा संच) आणि जीसीसी, दोन्हींच्या सोर्समध्ये कॉन्फिग.सब नावाची फाइल असते, ओळखीच्या सिस्टिमांची यादी तिच्यात. तिथं तुमचं नाव घाला. मग बिनयूटिल्सच्या कॉन्फिग.बीएफडीत आणि जीसीसीच्या कॉन्फिग.जीसीसीत थोड्या ओळी. हे उरकेल. खरं काम पुढेच आहे.

दही लावायला आधी दही लागतं, आणि पहिलं विरजण शेजारून आणावं लागतं. तुमचा शेजारी उबुंटू. तिथं तुमच्या सिस्टिमसाठी कोड काढणारा क्रॉस कंपायलर बांधा. मग त्याच कंपायलरनं जीसीसीचा सोर्स पुन्हा कंपाइल करा. या खेपेला बिल्ड (जिथं बांधायचं ते) उबुंटू, पण होस्ट (जिथं चालणार ते) आणि टार्गेट (ज्याच्यासाठी कोड काढणार ते) दोन्ही तुमची सिस्टिम. जे निघेल ते उबुंटूवर बांधलेलं, पण चालणार फक्त तुमच्याकडे. (बिल्ड, होस्ट, टार्गेट यांत गोंधळ होत असेल तर आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं घेतलेल्या कार्यशाळांच्या स्लाइड्स वाचा. मी अजून त्याच उघडते.) 1991 साली लिनस टोरवाल्ड्सनं मिनिक्स या शिकवण्यासाठीच्या छोट्या सिस्टिमच्या आधारानं लिनक्स उभं केलं, तेव्हा पहिल्याच जाहीर संदेशात बॅश 1.08 हा शेल आणि जीसीसी 1.40 आणल्याचं सांगितलं होतं. तेव्हा तुमच्या सरांची मागणी काही जगावेगळी नाही.

मात्र माझं एक ऐका. 'जीसीसी' ही कमांड सगळ्यात शेवटी न्या. नवखी मंडळी अख्खा संच इमेजमध्ये ओततात, हॅलो.सी कंपाइल करायला देतात, आणि काहीही न होता प्रॉम्प्ट परत येतो. आता शोधा! 'जीसीसी' मुळात कंपायलर नाही, मुकादम आहे. तो सीसी1ला (खरा कंपायलर) बोलावतो, मग एएसला (असेंब्लर), मग कलेक्ट2ला, आणि कलेक्ट2 एलडीला (लिंकर). प्रोसेस जन्माला घालणं, ती संपेपर्यंत थांबणं, तिचा एक्झिट कोड घेणं, एकानं लिहिलेली टेंपररी फाइल दुसऱ्यानं वाचणं, यातलं एक जरी कच्चं असलं की मुकादमाचं काम अडतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

म्हणून मजूर एकेक करून तपासा. आधी एएस. उबुंटूवर काढलेली असेंब्लीची एक .एस फाइल तुमच्या सिस्टिमवर असेंबल करा. तीच फाइल उबुंटूवरच्या क्रॉस असेंब्लरलाही द्या, आणि दोन्ही ऑब्जेक्ट फाइली बाइट-न्-बाइट ताडून पाहा. आवृत्ती एकच असेल तर त्या जुळल्याच पाहिजेत. न जुळल्यास तुमच्या रीडमध्ये, राइटमध्ये किंवा सीकमध्ये घोटाळा आहे. मग एलडी. मग प्रीप्रोसेस केलेली फाइल नुसत्या सीसी1ला द्या; त्याला फोर्क-एक्झेक (नवी प्रोसेस सुरू करणं) काही लागत नाही, फाइली आणि भरपूर मेमरी पुरते. हे तिघं नीट चालले की मगच मुकादम.

हे उरकल्यावर पुढचा टप्पा म्हणजे तुमच्याच सिस्टिमवर जीसीसीनं जीसीसी बांधायचं. स्टेज 1 आणलेल्या विरजणाचं, स्टेज 2 त्या दह्याचं, स्टेज 3 त्याहून पुढचं. 2 आणि 3च्या ऑब्जेक्ट फाइली जुळल्या तर पास. 2004 साली एका कंपनीच्या घरगुती सिस्टिमवर (नाव नको) आम्ही जीसीसी 3.3 असा बांधत होतो. संध्याकाळी लावायचं, सकाळी बघायचं. जुळेचना. आज दोन फाइली वेगळ्या, उद्या भलत्याच तीन. आठ दिवस मी कंपायलर उसवत बसले, आणि दोष निघाला कर्नलचा. प्रोसेस बदलताना फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टरं जपून ठेवलेलीच नव्हती. कर्नलवाला म्हणाला, "कंपायलरला कशाला लागतोय फ्लोटिंग पॉइंट?" लागतो! कुठल्या व्हेरिएबलला रजिस्टर आधी द्यायचं हे ठरवायला तेव्हाचा जीसीसी डबलमध्ये भागाकार करायचा. नेमकी तेव्हाच प्रोसेस बदलली की उत्तर बिघडे, वाटपाचा क्रम बदले. निघालेला प्रोग्राम तरीही बरोबरच चालायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे: दर वेळी तीच फाइल वेगळी येत असेल तर कंपायलरकडे बघा, दर वेळी भलतीच फाइल वेगळी येत असेल तर कर्नलकडे किंवा रॅमकडे. तुमच्या 64 बिट मशिनवर तर साधं स्ट्रक्चर कॉपी करायलाही जीसीसी एक्सएमएम, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचीच, रजिस्टरं वापरतो. ती जपताय ना?

पण अडीच महिन्यांत स्टेज 3पर्यंत जाऊ नका. त्याला शेल, मेक (फाइलींच्या वेळा बघून काय पुन्हा बांधायचं ते ठरवणारा), सेड, ऑक, ग्रेप अशी सगळी साधनं लागतात, आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो प्रोसेस सुरू करते. तुमचं घड्याळ किंवा फाइलींच्या वेळा चुकीच्या असतील तर मेक तेच तेच पुन्हा बांधत बसेल. शिवाय 4.8 आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी++ कंपायलरच लागतो, म्हणजे सी++ची लायब्ररीही आलीच. सरांना दाखवायला टीसीसी न्या. फाब्रिस बेलार्ड यांचा हा छोटा सी कंपायलर. असेंब्लर आणि लिंकर त्याच्या पोटातच आहेत, त्यामुळे एका प्रोसेसमध्ये काम होतं. मुकादमाची भानगडच नाही. जीसीसी निकालानंतर, सवडीनं.

प्रश्न : वरच्यासारखाच उद्योग मी नाशिकला हौस म्हणून करतो. शंका अशी, की शेजारच्या विरजणातच खोट असेल तर? उबुंटूच्या कंपायलरनं माझ्या कंपायलरमध्ये गुपचूप काही घातलं, तर सोर्स वाचून मला ते कळेल का?

उत्तर : नाही कळणार. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, 1984 साली छापून आलेल्या व्याख्यानात नेमकं हेच मांडलं. सोर्समधून खोट पुसली तरी कंपायलर ती स्वतःच्या पुढच्या पिढीत घालत राहतो. आणि स्टेज 2-3 छान जुळतात, कारण दोन्ही सारखीच नासलेली! यावर गिक्स या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी 2023 साली उलटा रस्ता धरून दाखवला. हातानं तपासता येईल अशा 357 बाइटच्या प्रोग्रामपासून पायरीपायरीनं जीसीसीपर्यंत चढत जायचं. (वाटेत टीसीसीही लागतो.) 357 बाइट म्हणजे किती? देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8मध्ये तीन बाइट खातं, त्या हिशेबानं तुमचा वरचा प्रश्नच त्याहून मोठा आहे.